तार जमली, मींड राहिली

गिटारवादक ई मेजर धरतो तेव्हा सहाही तारा बोलतात. सगळ्यांत खालचा ई ८२ हर्ट्झचा, वरचा ३३० हर्ट्झचा आणि मध्ये बी, ई, जी शार्प, बी. दोन सप्तकांचा हा पसारा कीबोर्डवर एका पंजात मावत नाही. म्हणून कीबोर्डवादक ई, जी शार्प, बी असे तीन सूर शेजारी शेजारी दाबतो, आणि संगणकातल्या महागड्या गिटारीतून ऑर्गनसारखं काहीतरी ऐकू येतं. मग दोष सॉफ्टवेअरला. मला वाटतं, तारेचा आवाज घडवण्याचं काम केव्हाच बहुतेक उरकलेलं आहे. अडलंय ते दोन सुरांच्या मधल्या जागेत, आणि आपल्या कानाला सगळ्यांत प्रिय असलेली जागा नेमकी तीच आहे.

१९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी छापलेली युक्ती मला आजही थक्क करते. काही शे आकड्यांची एक रांग घ्यायची, ती निव्वळ खरखरीने भरायची आणि गोल फिरवत राहायची. दर फेरीला शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. बस, एवढंच. सरासरीमुळे वरचे तीक्ष्ण स्वरांश आधी विझतात, खालचे रेंगाळतात. छेडलेल्या खऱ्या तारेतही हेच घडतं, म्हणून त्या खरखरीतून तार बोलू लागते. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर गिटारच्या खालच्या ई तारेसाठी ही रांग साधारण ५३५ आकड्यांची भरते. त्याच वर्षी डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी तिच्यात जीव भरला. तार पाचव्या हिश्शावर छेडली तर पाचवा, दहावा असे स्वरांश गप्प होतात. घोडीजवळ छेडली तर आवाज कडक होतो. हे सगळं त्यांनी हिशेबात आणलं. १९९३ मध्ये स्मिथ यांनी, आणि फिनलंडमध्ये मात्ती कार्यालाइनेन व वेसा व्हॅलिमाकी यांनी, आणखी एक सुंदर वाट काढली. लाकडी खोक्याचं अवघड गणित सोडवत बसण्याऐवजी खोक्याचा प्रतिसाद मुद्रित करून घ्यायचा आणि खरखरीच्या जागी तोच तारेत सोडायचा.

बाजार मात्र दुसऱ्या वाटेने गेला. १९९१च्या जनरल मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या मानकात २५ ते ३२ या आठ जागा गिटारींना मिळाल्या, आणि बहुतेक यंत्रांत त्या भरल्या गेल्या मुद्रित सुरांच्या तुटपुंज्या तुकड्यांनी. पुढे डिस्क स्वस्त झाल्या तशी सॅम्पल लायब्ररी फुगत गेली. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, प्रत्येक जोर, आणि त्याचीही चार-पाच वेगवेगळी मुद्रणं; कारण एकच तुकडा लागोपाठ वाजला की मशीनगन सुरू झाल्यासारखं वाटतं. ही मेहनत वाया गेलेली नाही. ३३० हर्ट्झचा ई पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, दुसरीवर पाचव्या फ्रेटवर, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या. सूर एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं अंग निराळं. अँपल साउंडसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअर हा फरक पाळतात, हात मानेवर कुठे आहे याचा अंदाज बांधून तार निवडतात, आणि एका तारेवर नवा सूर आला की जुना तोडतात. या शेवटच्या गोष्टीने जेवढा खरेपणा येतो तेवढा कितीही गीगाबाइट ओतून येत नाही, असं माझं मत आहे.

स्ट्रमिंग तर या सॅम्पल लायब्ररींनी जिंकलंच. खाली येणारा हात जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत काही मिलिसेकंदांचं अंतर ठेवत जातो. वर जाणारा बहुधा बारीक तीन-चार ताराच पकडतो. हे नमुने तयार मिळू लागल्यापासून गाण्यामागे वाजणारी अकूस्टिक गिटार खरी की संगणकातली, हे मलाही पुष्कळदा ओळखता येत नाही. त्यात एकच खोट उरते. गायकाने ओळ किंचित लांबवली तर हाडामांसाचा वादक थांबतो. नमुना थांबत नाही.

डिस्टॉर्शनची चूक मात्र फार वर्षं चालली, आणि तिची कारणमीमांसा शिकण्यासारखी आहे. जुन्या यंत्रांत प्रत्येक सूर आधीच विकृत करून साठवलेला असे. दोन सूर दाबले की दोन विकृत सूर शेजारी उभे राहत, एकमेकांत मिसळत नसत. खऱ्या अँप्लिफायरमध्ये सगळ्या तारा एकत्र शिरतात. ११० हर्ट्झचा ए आणि १६५चा ई एकत्र चिरडले गेले की त्यांच्या फरकाचा, ५५ हर्ट्झचा, सूर जन्माला येतो. पॉवर कॉर्डची ती गुरगुर म्हणजे कोणीही न छेडलेला हा तिसरा सूर. आता सूर स्वच्छ मुद्रित करतात आणि अँप वेगळा बनवतात. २०११चा केंपर प्रोफायलर आणि त्यानंतरची न्यूरल नेटवर्कवर शिकवलेली अँप यांनी हा प्रश्न मिटवला, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

उरली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. मिडीमध्ये सूर ओढणारा पिचबेंड सबंध चॅनेलला लागू होतो. एक तार ओढायची आणि दुसरी स्थिर ठेवायची तर प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनेल द्यावं लागतं. २०१८च्या एमपीई मानकाने ही व्यवस्था कीबोर्डांपर्यंत आणली. पण अडचण त्याहून खोल आहे. गिटारच्या खोक्याची स्वतःची गुंज असते : आतल्या हवेची १०० हर्ट्झच्या आसपास, वरच्या फळीची २००च्या आसपास. स्वर कितीही सरकला तरी ही गुंज जागची हलत नाही. मुद्रित सूर ओढला की तारेबरोबर खोकाही ओढला जातो, जणू वाजता वाजता गिटारचं आकारमान बदलतंय. अर्ध्या-पाऊण स्वराच्या बेंडमध्ये हे खपून जातं. पंचमापर्यंतच्या ओढीत मुळीच खपत नाही.

ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आठवा. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत ती ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. वाद्य मांडीवर आडवं, हातात धातूची पट्टी. एकाच आघातावर गंधार निघतो, पंचमाला स्पर्श करून मध्यमावर विसावतो, आणि तोवर तार विझतही असते. हे फ्रेटनुसार साठवलेल्या तुकड्यांतून कसं उभं राहणार? मी ऐकलेल्या कुठल्याही सॅम्पल लायब्ररीत ते उभं राहिलेलं नाही. कार्प्लस-स्ट्राँगच्या रांगेत मात्र वाजता वाजता लांबी बदलता येते. स्वर सरकतो, खोका वेगळा हिशेबलेला असल्याने स्थिर राहतो. चाळीस वर्षांपूर्वीची ती वाट बाजाराने सोडली. आपल्या संगीतासाठी तीच सरळ जाते.

तिच्यावरही काम बाकी आहे. पट्टी तारेवर घासताना होणारी बारीक सळसळ हवी, तरफेच्या तारांनी दिलेला प्रतिसाद हवा. आणि सगळ्यांत आधी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांऐवजी, बोट सलग सरकवता येईल असा पृष्ठभाग हवा. तसे कंट्रोलर आज दुकानात मिळतात. त्यांच्यापुढे बसून पुरिया धनाश्रीचा कोमल रिषभ कुठे लावायचा हे बोटांना ठाऊक असलेला प्रोग्रामर हवा आहे.