कुंडल रोडची तुटक रेघ

माझी आजी किर्लोस्करवाडी स्टेशनला अजून ‘कुंडल रोड’ म्हणते. शब्द तिच्या सासूचा. लहानपणी मी तिला दुरुस्त करायचो. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या इंग्रजी अमदानीतल्या टोपोशीटचं स्कॅन हाती आलं: ४७ के/८, एक इंचाला एक मैल.

मोबाइलवर झूम करत असं शीट वाचणं म्हणजे कादंबरी कुठल्याही पानावर उघडणं. तपकिरी रेघा डोंगराच्या, काळी पुणे-मिरज लोहमार्गाची (तेव्हाच्या मीटरगेजची), लाल ठिपके वस्तीचे. तपशील चोख आहे, पण माझी पहिली तक्रार याच लाल रंगाबद्दल. कुंडलचे जुने वाडे आणि आखून वसवलेली कारखान्याची वसाहत, दोन्ही एकाच लाल शाईत! १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर निवडुंगाच्या माळावर आले, तिथे नांगर घडू लागले, १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागलं. आडगावच्या स्टेशनातून मराठी घराघरांत मासिक जायचं. शीटला त्याचा पत्ता नाही. नकाशाकडून एवढी अपेक्षा धरू नये, हेही खरं.

पण एका रेघेसाठी मी या शीटला सगळं माफ करतो. जुन्या शीटांवर संस्थानांच्या हद्दी तुटक रेघांनी दाखवत. किर्लोस्करवाडी आणि कुंडल औंध संस्थानात, तर भोवतालचा बराच मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. औंध सलग नव्हतंच, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. कारखान्याला जागा औंधच्या राजांनी दिली. १९४३ मध्ये प्रतिसरकारची तुफान सेना कुंडललाच उभी राहिली आणि त्याच वर्षी याच लोहमार्गावर शेणोलीजवळ तिने सरकारी पगाराची गाडी लुटली. कारखाना आणि बंड, दोघांचे पत्ते शीटवर दोन-तीन इंचांच्या अंतरात. शाळेत मात्र मी हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, एक उद्योजकाचा, एक क्रांतिकारकांचा. दोघांखालची जमीन एकाच संस्थानाची, हे मला नकाशाने सांगितलं.

१९४८ मध्ये औंध विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आजच्या शीटवर जिल्ह्याची हद्द आहे, ब्रॉडगेज आहे, औंधची रेघ नाही. नवं शीट जास्त अचूक असेल. मला ते गोष्ट गाळलेल्या आवृत्तीसारखं वाटतं.

जुन्या शीटचा स्क्रीनशॉट आजीला दाखवला. चष्मा लावून तिने फोन दोनदा उलटसुलट केला.

“यात गाडी कुठं थांबती?”

मी बोट ठेवलं.

“हां, कुंडल रोड,” म्हणाली.

यावेळी मी दुरुस्त केलं नाही.