कौशल्य कोणाचे, गरज कोणाची?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेने आणि नोव्हेंबरमध्ये राज्यसभेने शिकाऊ उमेदवार कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. मूळ कायदा १९६१ चा. उद्योगांना कुशल हात हवेत आणि ते मिळत नाहीत, हा दुरुस्तीमागचा युक्तिवाद होता. कायदा हीदेखील एक संहिता आहे. तिची समीक्षा साहित्यकृतीइतक्याच कठोरपणे व्हावयास हवी, असे मी मानतो. या संहितेत कोणाची गरज बोलते आणि कोणाची मुकी राहते, हा माझा प्रश्न आहे.

ठरलेल्या संख्येइतके शिकाऊ उमेदवार न घेणाऱ्या मालकाला पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकत असे. तुरुंगाच्या भीतीने मालक या योजनेपासून दूर राहतात, असे सांगून २०१४ मध्ये कैद काढून टाकण्यात आली. दंड उरला : रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा पाचशे रुपये, पुढे हजार. ही शिक्षा नव्हे. जागा रिकामी ठेवण्याचे हे भाडे आहे!

याच कायद्यात १९७३ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. २०१४ मध्ये इतर मागासवर्गीयांची तरतूद आली, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण जागाच भरायची की नाही हे मालकाच्या हिशेबावर ठरणार असेल, तर राखीव काय राहिले? शिवाय उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यावी की नाही, याचे धोरणही मालकानेच आखायचे. मालकाची गरज कलमाकलमांतून बोलते. शिकणाऱ्याची गरज प्रमाणपत्रापाशी थांबते.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपण विसरता कामा नये. अस्पृश्य कामगार गिरणीत होते, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या उष्ट्याचा सवर्ण विणकरांना विटाळ होई. १९२८ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तेथे हात अकुशल नव्हते. साच्यापाशी उभे राहण्याचा हक्कच नव्हता. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडले, ते या अनुभवाला धरूनच होते.

कातडे कमावणारा, दोर वळणारा, दगड घडवणारा आमचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कुशलच होता. त्या कौशल्याला व्यवस्थेने मोल दिले नाही, वर विटाळ चिकटवला. आज त्याच्याच नातवाला 'कौशल्य नाही' म्हणून हिणवले जाते. ही भाषा निरागस नाही. दार बंद करणाऱ्याचा अपराध ती दाराबाहेर उभ्या असलेल्याच्या माथी मारते.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनी आणि शिक्षकांनी 'कौशल्य' या शब्दापुढे दिपून जाऊ नये. आपल्या भागातील कारखान्याला विचारावे : शिकाऊ जागा किती? भरल्या किती? राखीव जागांवर कोण आले, आणि त्यांतले कायम किती झाले? संसदेत दुरुस्ती मंजूर झाली. कारखान्याच्या दारातले हात आता आपणच मोजायचे आहेत.