संसार आणि सान्निध्य : ‘स्मृतिचित्रे’मधील ईश्वरानुभवाचे रूप

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, तेव्हापासून त्याची थोरवी सांगताना मराठी समीक्षेने प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती भाषा या तीन गुणांचाच प्रामुख्याने आधार घेतला आहे. हे गुण तेथे आहेतच. परंतु त्यांचा लेखिकेच्या ख्रिस्ती असण्याशी काही आंतरिक संबंध असू शकेल, असे मानून या ग्रंथाचे वाचन फारसे झालेले नाही. धर्मांतर हा त्यातील एक विषय मानला गेला. निवेदनाची घडण ठरविणारे तत्त्व म्हणून त्याचा विचार मागेच राहिला. उलटपक्षी, श्रद्धावंत वाचक या ग्रंथाकडे ‘साक्ष’ म्हणून पाहतो आणि साक्षीत अपेक्षित असलेला क्षण त्यात शोधू लागतो. इंग्रजी भाषांतरांच्या शीर्षकांतही हे दुभंगलेपण उतरले आहे. ई. जोसेफीन इंक्स्टर यांच्या १९५० मधील भाषांतराचे ‘आय फॉलो आफ्टर’ हे नाव पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राची आठवण देते. शांता गोखले यांच्या २०१७ मधील भाषांतराचे उपशीर्षक मात्र एका बाणेदार पत्नीच्या आठवणी म्हणून ग्रंथाची ओळख करून देते. एकीकडे भक्त, दुसरीकडे पत्नी; मूळ संहितेत या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’पासून चालत आलेल्या ख्रिस्ती आत्मकथनाच्या परंपरेत निवेदन ईश्वराला उद्देशून असते. मिलानच्या बागेतील परिवर्तनाचा क्षण तेथे आयुष्याचे पूर्व आणि उत्तर असे दोन खंड पाडतो, आणि पूर्वखंडाकडे उत्तरखंडाच्या उजेडात पाहिले जाते. लक्ष्मीबाईंचे निवेदन ओसरीवर जमलेल्या माणसांसाठी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा या संहितेत कृपेचा प्रसंग म्हणून येत नाही. तो घरावर कोसळलेला अनर्थ म्हणून येतो. नवरा जिवंत असून दुरावलेला, नातलगांचा आधार आणि त्याच आधाराचा काच, बहिणीच्या सोबतीने पंढरपुरात काढलेले दिवस, हे सारे त्या वेळच्या दुःखाच्याच मापाने सांगितले जाते. हे लिहिणारी स्त्री त्या वेळी तीस वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती आहे. तरीही त्या आकांतामागे ईश्वरी योजना होती, असा खुलासा ती मागाहून जोडत नाही. स्वतःच्या भूतकाळाला श्रद्धेच्या सोयीसाठी न वाकविणे, हा या ग्रंथातील धार्मिकतेचा पहिला पुरावा मानावयास हवा. समीक्षेने ज्याला प्रांजळपणा म्हटले, तो हाच.

ईश्वराचा प्रश्न येथे येतो तो पाण्याच्या आणि अन्नाच्या वाटेने. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आहे. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर शुचितेचे वेड घराचा ताबा घेऊन बसले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यावयाचा नाही, शिवाशिवीचा धाक मुलांच्या खेळण्याबागडण्यावरही. हा भाग हसतहसत सांगितला आहे. परंतु मागे भय आहे, आणि लेखिकेला ते ठाऊक आहे. पुढे ख्रिस्ती पतीच्या घरी परतल्यावर हेच सोवळे ती स्वतःबरोबर आणते. चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन स्वयंपाक. टिळक तिच्यावर सक्ती करीत नाहीत. मग एकदा जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, असा प्रश्न ती स्वतःला विचारते. तो माणसाचाच, असा कौल तिचे मन देते आणि त्याबरोबर तिचे सोवळे गळून पडते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला.

हा क्रम निर्णायक आहे. श्रद्धेचा स्वीकार आधी आणि आचरणातील बदल नंतर, असा धर्मांतरकथेचा रूढ आराखडा असतो. येथे हाताने आधी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले आणि मग मस्तकाने बाप्तिस्म्याचे. वाचकाच्या मनावर ठसते ते पहिले पाणी. ईश्वर जवळ आला तो माणसामाणसांतले अंतर मिटल्यामुळे, असा अर्थ त्यातून निघतो. लेखिका मात्र तो शब्दांत मांडत नाही आणि पुढच्या हकिगतीकडे वळते.

दैनंदिन कामात देवाचे सान्निध्य अनुभवणे ही कल्पना साहित्याला नवी नाही. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो. पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणारे कार्मेलाइट बंधू लॉरेन्स १६९१ मध्ये निवर्तले; त्यांची पत्रे आणि संभाषणे मागाहून ग्रंथरूप झाली आणि भांड्यांच्या खडखडाटातही प्रार्थनेइतकेच देवाजवळ असता येते हा त्यांचा विचार सर्वदूर पोहोचला. स्वतः टिळकांनी तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशा आशयाचे उद्गार काढले आहेत, आणि त्यांच्या अभंगांत वारकरी भक्तीचा लडिवाळपणा ख्रिस्ताच्या वाट्याला आला आहे. या तिन्ही ठिकाणी सान्निध्याला नाव आहे, संबोधन आहे. लक्ष्मीबाईंच्या गद्यात देव चुलीपाशी येऊन बसत नाही. तेथे धूर असतो, उद्याच्या जेवणाची चिंता असते आणि घरात नुकतेच कोणाला तरी घेऊन आलेले टिळक असतात.

मग याला ईश्वरसान्निध्य का म्हणावे? ही निव्वळ माणुसकी आहे, समीक्षक आपल्या पदरचा देव तिच्यावर लादत आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सहजासहजी झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर या दांपत्याच्या संबंधात शोधावे लागते. टिळक देवाच्या इतके निकट आहेत की पैसा, वेळ, घर यांचे भान त्यांना उरत नाही. त्या निकटतेची किंमत लक्ष्मीबाई मोजतात, आणि ती शब्दशः मोजून सांगतात. हातात काय उरले, किती माणसे जेवावयाची, काय दिले गेले. संतचरित्रात पत्नीच्या वाट्याला कर्कशेची किंवा सावलीची भूमिका येते. तुकारामाची जिजाई हे पहिल्या भूमिकेचे ठळक उदाहरण. लक्ष्मीबाई दोन्ही नाकारतात. नवऱ्यावर त्या चिडतात, त्याच्या वेंधळेपणावर मनमुराद हसतात, आणि ज्या कामाबद्दल चिडल्या त्यात स्वतःला झोकूनही देतात. दुष्काळातील पोरकी मुले घरात येतात तेव्हा त्यांचे करण्यासवरण्याचे काम त्यांचेच असते. अहमदनगर परिसरातील प्लेगच्या दिवसांत त्या रोग्यांची शुश्रूषा करतात. ज्याला समीक्षा विनोद म्हणते तो या दोन हालचालींमधला, तक्रार आणि स्वीकार यांमधला सांधा आहे. केवळ माणुसकीला या स्वीकाराची गरज पडली नसती. माणुसकी ‘आता पुरे’ असे म्हणू शकते. येथे ते शब्द ओठांशी येतात आणि पुन्हा पदर खोचला जातो.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्याची दारे खुली होती. मराठी ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात या प्रयोगाला योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र पंथाच्या कुंपणापलीकडची अशी पंगत त्याच्या कितीतरी आधी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात बसत होती, याची नोंद त्या इतिहासात नाही. कदाचित तिला नाव दिले गेले नाही म्हणून.

या वाचनाला अडवणारी एकच कृती उरते, ती ‘ख्रिस्तायन’. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले तेव्हा हे ओवीबद्ध काव्य आरंभीच्या अध्यायांतच थांबले होते. उरलेला कितीतरी मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. स्वतःच्या संसारात देवाचे नाव बेताने घेणाऱ्या स्त्रीने देवाच्याच संसाराची कथा अध्यायामागून अध्याय सांगावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. काव्य म्हणून या भागाची सरसता ‘स्मृतिचित्रे’च्या जवळपास येत नाही, तेथे परंपरेची भाषा लेखिकेच्या भाषेला मागे सारते. परंतु तिने निवडलेले काम पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याने मांडून ठेवलेले, अर्धवट राहिलेले, आता आपल्यालाच उरकावयाचे. टिळकांच्या घरात त्या आयुष्यभर हेच करीत आल्या होत्या.