पक्षशिस्त आणि सदसद्विवेक : हान्स-ख्रिस्टियान श्ट्रोबेले यांच्या संसदीय कारकिर्दीची चिकित्सा

प्रस्तावना :
लोकप्रतिनिधी हा पक्षाचा की मतदारांचा, हा राज्यशास्त्रातील जुना वादविषय आहे. जर्मनीच्या ग्रीन पक्षाचे खासदार हान्स-ख्रिस्टियान श्ट्रोबेले (१९३९-२०२२) यांचा या संदर्भात निर्भीड प्रतिनिधी म्हणून गौरव होतो. तो कितपत पुरेसा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
पेशाने वकील असलेले श्ट्रोबेले १९८५ ते १९८७ व पुढे १९९८ ते २०१७ या काळात बुंडेस्टागचे सदस्य होते. स्वपक्ष सत्तेत असतानाही त्यांनी १९९९ च्या कोसोव्हो युद्धातील जर्मन सहभागास विरोध केला. १६ नोव्हेंबर २००१ रोजी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी अफगाणिस्तानविषयक लष्करी सहभागाचा प्रश्न विश्वासमताशी जोडला. ग्रीन पक्षातील आठ विरोधकांपैकी चौघांनी सरकारच्या बाजूने, तर श्ट्रोबेले यांच्यासह चौघांनी विरोधात मत दिले. ३३४ मतांची आवश्यकता असताना ३३६ मते मिळून सरकार तरले. गौरवपर मांडणीची पहिली मर्यादा येथे दिसते. विवेकाचे मत नोंदले गेले आणि सरकारही टिकले; परंतु त्याची किंमत आपला विरोध गिळणाऱ्या अन्य चौघांनी चुकती केली.

मूलभूत कायद्याचे कलम ३८ खासदारास केवळ सदसद्विवेकास बांधील मानते. मात्र हे कलम मताचे रक्षण करते, पुढील उमेदवारीचे नाही. २००२ मध्ये बर्लिनच्या पक्षयादीत श्ट्रोबेले यांना सुरक्षित स्थान मिळाले नाही. जर्मन मतदारास दोन मते असतात : पहिले मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे पक्षयादीला. पहिल्या मतांच्या बळावर क्रॉइझबर्ग व लगतच्या भागाच्या मतदारसंघातून ते विजयी झाले. थेट निवडून आलेले ते ग्रीन पक्षाचे पहिलेच खासदार होत. २००५, २००९ व २०१३ मध्येही त्यांनी ही जागा राखली. अर्थात, मतदारसंघातील त्यांची उमेदवारी पक्षाचीच होती, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :
श्ट्रोबेले यांचे स्वातंत्र्य केवळ वैयक्तिक धैर्याचे फलित नव्हते. त्यास निवडणूक पद्धतीचा आधार होता. तो आधार आता क्षीण झाला आहे. २०२३ च्या सुधारणेनुसार मतदारसंघातील विजेत्यास जागा मिळण्यासाठी पक्षाच्या दुसऱ्या मतांचे पाठबळ अनिवार्य ठरले. परिणामी २०२५ च्या निवडणुकीत २३ विजेते संसदेबाहेर राहिले. पक्षाचे एकमेव थेट विजेते असलेल्या श्ट्रोबेले यांना हा नियम बाधला नसता. तरीही यादीवाचून संसदेत पोहोचण्याची वाट अरुंद झाली, हे खरे. सदसद्विवेकाची अपेक्षा व्यक्तीकडून करताना त्यास आश्रय देणारी व्यवस्था जपली जाते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी आधी विचारावयास हवा.