सांजांव आणि तिकिटाची जत्रा

आपल्या बायकांत कुठल्याही जत्रेविषयी बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला. तिथं पितात का? पितात म्हटलं की विषय मिटला. मग तिथली गाणी, तिथलं जेवण, तिथं माणसं एकमेकांशी कशी वागतात, कशालाच किंमत उरत नाही. आणि पीत नाहीत म्हटलं की ती जत्रा आपोआप चांगली. मग तिथं शेजारच्या खुर्चीवरची बाई कोण हे दिवसभरात कुणी विचारलं नाही तरी चालतं. मला हा हिशेब पटत नाही. मी पीत नाही, आमच्या घरात कुणी पीत नाही. श्रावकाच्या आठ मूलगुणांत मद्याचा त्याग पहिल्या ओळीत आहे, आणि त्याबद्दल मला काही नवीन सांगायचं नाही. पण जत्रा पारखायची तर पेल्यापाशी थांबून भागत नाही. पेल्यात काय आहे याच्याइतकंच तो कुणी दिला, कुणाला दिला आणि कशासाठी दिला हे बघावं लागतं.

त्यासाठी मी गोव्यातला सांजांव घेते, कारण तो मी जवळून बघितलाय. माझी बेळगावातली कॉलेजची मैत्रीण ख्रिश्चन, तिचं सासर शिवोलीचं. 24 जूनला तिच्याकडं जायचं म्हणजे चोर्ल्याच्या घाटातून, पावसात, गाडीच्या काचा पुसत. सोबत माझा डबा, माझं गाळलेलं पाणी. दिवस मावळायच्या आत मी माझं जेवून घेते, हे आता त्या घरच्या पोरांनासुद्धा पाठ झालंय.

24 जून हा सेंट जॉन बाप्टिस्टचा जन्मदिवस, नाताळच्या साधारण सहा महिने आधीचा. बायबलात गोष्ट अशी की मरिया पोटुशी असताना एलिझाबेथला भेटायला गेली, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळानं आनंदानं उडी घेतली. ते बाळ म्हणजे जॉन. गोव्यातल्या पोरांनी ती उडी विहिरीत आणली. विहीर म्हणजे आईचं पोट. पावसाचं पहिलं पाणी विहिरीला चढलेलं असतं, डोक्यावर पानाफुलांचे, कधी फळांचेही ‘कोपेल’ म्हणजे मुकुट असतात, घुमट आणि कांसाळं वाजत असतं, आणि पोरांची टोळी घराघरातून फिरत असते. नव्या जावयाचा तर मोठाच मान; लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला सासूचं बोलावणं येतं. शिवोलीत याच दिवशी दुपारनंतर सांगोड निघतात. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर मांडव सजवायचा, आणि आसपासच्या गावांतली माणसं गात-वाजवत पाण्यातून सेंट अँथनीच्या चर्चसमोर येतात. आपल्याकडं पालखी येते तशी.

आता पेल्याचं. पितात, भरपूर पितात. काजूचा हंगाम नुकताच संपलेला असतो. बोंडांचा ताजा रस तो नीरो, आंबलेल्या रसाची पहिली धार ती हुर्राक, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. या काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून मान दिला. सरकारी मान मिळाल्यानं एखादी वस्तू आपल्या ताटाला चालते असं नाही, पण तिथल्या लोकांच्या लेखी ती कुठं बसते हे त्यावरून कळतं.

मी मात्र दुसरंच बघत बसले होते. मैत्रिणीच्या सासूबाई बाटली स्वतःच्या हातात ठेवतात. टोळी दारात आली, गाणं झालं, की त्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून ओततात. एकाला ओतलं, दुसऱ्याच्या हातात नुसताच अननसाचा काप दिला. तो कुरकुरला तर कोकणीत त्याच्या आईचं नाव घेऊन काहीतरी म्हणाल्या, आणि सगळी टोळी हसली. माझ्यापुढं आल्या तेव्हा म्हणाल्या, “तूं पियेना न्हय गो बाय?” आणि फणसाचे गरे ठेवून पुढं गेल्या. ना आग्रह, ना टोमणा. न पिणाऱ्या बाईला तिथं एक जागा होती आणि त्या जागेबद्दल कुणाला काही स्पष्टीकरण द्यावं लागत नव्हतं. पैसे कुणी दिले नाहीत, घेतले नाहीत. ज्याच्या घरचं तो देतो, आणि देणाऱ्याला घेणारा कुणाचा कोण हे माहीत असतं. पिण्याला लगाम असेल तर तो इथं असतो, कायद्याच्या पाटीत नव्हे.

म्हणून सगळं गोड म्हणणार नाही. पिऊन विहिरीत उडी मारणं हा जिवाशी खेळ आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असतं. म्हणून तर ती विहिरीच्या काठाशी उभी असतात. उड्या मारायला बहुतेक पोरंच, आणि स्वयंपाकघरात बहुतेक बायका. मैत्रीण सकाळपासून चुलीपाशी होती, सांगोड तिनं अर्धाच बघितला. आणि विहिरीचं म्हणाल तर माझ्या पोटात गोळाच येतो. पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे, हे मी आज्जीच्या हाताखाली शिकले. तिथं वीस पोरं धबाधबा उडी मारतात तेव्हा मी त्या पाण्यातल्या जिवांचा विचार करते. करणारच. घुमटाचंही तसंच. ते मातीचं मडकं, त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला हात लावायची सोय राहिली नाही, आता बकऱ्याचं कातडं वापरतात. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. आवाज मला फार आवडतो, पोकळ आणि ओलसर, आणि कातडं आवडत नाही; दोन्ही खरं आहे. सान्नांचं तर विचारूच नका. दिसायला थेट इडली, पण पीठ फुगवतात माडाच्या सुरेनं. पहिल्याच वर्षी मैत्रिणीनं ताट पुढं करतानाच सांगून टाकलं, म्हणून बरं.

आता दुसरी बाजू. माझी भाची पणजीत शिकते. “मावशी, तुझा तो गावचा सांजांव बघितलास, आता आमचा बघ,” म्हणून ती मला एका हॉटेलातल्या सांजांवला घेऊन गेली. फाटकात तिकीट दाखवायचं, मग मनगटावर कागदी पट्टी. एकवीस पुरी झालेल्यांना एका रंगाची, बाकीच्यांना दुसऱ्या. पट्टी पाहून बिअर मिळते. विहिरीच्या जागी निळ्या फरशीचा तलाव, क्लोरीनचा वास. कोपेल प्लास्टिकच्या फुलांचे, दारात टोपलीभर ठेवलेले, ज्याला हवा त्यानं उचलावा. घुमट होतं, पण स्टेजच्या कोपऱ्यात, फोटोसाठी; गाणी स्पीकरमधून. जीवहिंसेच्या हिशेबानं बघाल तर या तलावात विहिरीपेक्षा पाप कमीच लागेल! पण एकोणीस-वीस वर्षांची पोरं काय करतायत हे मी तासभर बघत होते. ती बिअरच्या रांगेत उभी होती. रांग संपली की परत रांगेत. बोलायला वाव नव्हता, कारण आवाज इतका की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. घुमटावर माणूस गप्पा मारू शकतो, या आवाजावर नाही. आणि बोलणं बंद झालं की हात आपोआप पेल्याकडं जातो, हे दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

स्टेजच्या मागं मोठ्या अक्षरांत ज्या नावाची पाटी होती, त्या नावाचा सोडा बाजारात मिळतो म्हणे. पण ते नाव सोड्यासाठी कुणी ओळखत नाही. 2000 पासून केबल टीव्हीवर दारूची जाहिरात बंद झाली, तेव्हापासून ही नावं सोडा, पाणी, पेले आणि गाण्याचे कार्यक्रम असे वेगवेगळे कपडे घालून येतात. जाहिरात बंद झाल्याचं समाधान आपण मानलं. ती जत्रेच्या मांडवात येऊन बसली.

कुणी म्हणेल, बिअरची जत्रा म्हटली की असंच असायचं. तसंही नाही. आपल्याकडं मोठ्या शहरांतली हॉटेलं ज्या ऑक्टोबरफेस्टचं नाव लावतात, तो मूळचा म्युनिकचा. 1810 साली 12 ऑक्टोबरला बव्हेरियाच्या युवराजाचं लग्न झालं, त्याच्या आनंदात गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली, सगळ्या गावाला बोलावून. कुरणाला वधूचं, तेरेझाचं, नाव दिलं, ते आजही आहे. बिअरचं प्रस्थ नंतर वाढत गेलं. आज तिथं एक लिटरचे पेले चालतात आणि बिअर फक्त त्याच गावच्या सहा भट्ट्यांची. पण त्या मैदानात शिरायला तिकीट लागत नाही, आणि तंबूत लांबच लांब बाकं असतात जिथं अनोळखी माणसांना मांडीला मांडी लावून बसावंच लागतं. आपल्या हॉटेलांनी तिथला पेला उचलला, बाक मात्र आणलं नाही.

परतताना मी भाचीला हे सगळं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, तुझ्या गावात सगळ्यांना सगळे माहीत असतात, तेच तर मला नको असतं. इथं मला कुणी विचारत नाही कुणाची मुलगी, कितवीला, स्थळं बघताय का. पट्टीवर फक्त वय असतं.” यावर माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं, आणि ते असायला हवं असंही मला वाटत नाही. ओळखीची जागा मायेची असते तशी चौकशीचीही असते, आणि चौकशीचा भार मुलींवरच पडतो. तिकीट घेऊन अनोळखी होण्यात तिला मोकळं वाटतं, हे ऐकून आपल्या मंडळींना राग यायच्या आधी लाज वाटायला हवी.

कारण आमच्या महिला मंडळात यंदा ठरावच आला होता : समाजातल्या मुलींनी अशा संगीत-महोत्सवांना जाऊ नये. मी ठरावाविरुद्ध बोलले. मुलींनी जावं म्हणून नव्हे. त्यांना बोलवायला आपल्याकडं काय आहे, हे आधी बघा म्हणून. आपल्या पंचकल्याणक पूजेत इंद्र-इंद्राणी कोण, भगवंतांचे माता-पिता कोण, पहिला कलश कुणाचा, हे सवाल बोलून ठरतं. ज्याची बोली मोठी तो पुढं. बाकीच्यांना मांडवात खुर्च्या आणि मागं पंगत. भजनाला बाहेरून पार्टी येते, तिचे स्पीकर हॉटेलातल्या स्पीकरांचे सख्खे भाऊ. आमच्या मुली पाठशाळेत पूजा शिकतात, सुरात म्हणतात, पण मांडवात त्यांना काम एकच : एकसारख्या साड्या नेसून मिरवणुकीत चालायचं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडकात आठ मद सांगितलेत, त्यात ऋद्धीचा मद आहे, कुळाचा आहे, पूजेचाही आहे. मद्य आपण दाराबाहेर ठेवलं, ते बरंच केलं. मदाला मात्र माईक दिला.

एक अक्का उठून म्हणाल्या, “सवाल नसतील तर मांडवाचा खर्च कोण देणार गं?” प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, मांडव लहान करू. भजनाच्या पार्टीचे पैसे वाचतील, मुलीच म्हणतील. त्यावर बरीच कुजबुज झाली. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, माझी सूचना कार्यवृत्तात आलीच नाही. सेक्रेटरी वहिनींना मी तसं सांगितलंय.

शिवोलीतल्या सासूबाईंची एक गोष्ट मात्र तिथं सांगायची राहून गेली, ती इथं सांगते. सांगोड बघायला त्या नदीकाठी खुर्ची टाकून बसतात. मला वाटलं होतं, सजावट बघतात. त्या माणसं मोजत होत्या. कुठल्या वाड्यावरची टोळी आली, कुठली यायचीय, कोण दिसत नाही. एका घरचा धाकटा दिसला नाही तशी त्यांनी नातवाला पिटाळलं, जा, बघून ये, तो बरा आहे ना. नातू भिजत गेला आणि भिजत आला. त्याला ताप होता. तसं घुमट वाजत असतानाच घरातून एक पेजेचा डबा निघाला.