मखमल आणि मलमल

ऐतिहासिक नाटकाचे परीक्षण लिहिताना आपले समीक्षक संवाद तोलतात, अभिनय तोलतात, नेपथ्यालाही दोन ओळी देतात. पोशाखाची बोळवण मात्र ‘वेषभूषा साजेशी’ एवढ्या दोन शब्दांत होते. कोणाला साजेशी, कोणत्या काळाला साजेशी, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वास्तविक पडदा वर गेल्यावर पात्राने तोंड उघडण्यापूर्वी प्रेक्षकाशी बोलू लागतो तो त्याचा अंगरखा. तेव्हा नाटक-चित्रपटांतील, आणि त्याहूनही अधिक गावोगावच्या मिरवणुकींतील, शिवकालीन पोशाखाचे परीक्षण एकदा केवळ शिवणीच्या बाजूने करावे असे मी योजिले आहे. माझा अधिकार एवढाच, की सतराव्या शतकाच्या धर्तीचा पुरुषी जामा मी स्वतः बेतला आहे, शिवला आहे, आणि तो अंगात घालून एक मुलगा उन्हात दोन तास चालताना पाहिला आहे.

ऊन हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. आमचे दीपनगर म्हणजे भुसावळजवळची वीज केंद्राची वसाहत. उन्हाळ्यात येथील पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जाणे ही काही बातमी नव्हे. शिवराज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. म्हणजे त्याचा उत्सव यावयाचा तो पावसाची वाट पाहून सारे थकलेले असताना. २०२३ साली मिरवणुकीत महाराज झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला भाड्याच्या पोशाखात भोवळ आली. त्याला घोड्यावरून उतरवून सावलीत नेले आणि कपडे सैल करू लागलो, तेव्हा तो पोशाख मी प्रथमच उलटा करून पाहिला. वरून जांभळी मखमल, आत कृत्रिम धाग्याचे अस्तर, कडेने सोनेरी लेस, छातीवर शोभेपुरती शिवून टाकलेली गाठ आणि पाठीला चेन. हातात घेऊन पाहिले तर वजन दोन किलोंच्या पुढे. ज्या राजाच्या सैन्याची कीर्ती चपळाईबद्दल, त्याच्या सोंगाला घाम फुटून बोलता येऊ नये!

ही मखमल आली कोठून? दोष एकट्या भाडेवाल्याचा नाही. लोक मागतात ते तो देतो; आणि लोकांच्या डोळ्यांपुढे असते ते कॅलेंडर. रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रांनी महाराज घरोघर भिंतीवर नेले. पुढे दीनानाथ दलालांच्या कुंचल्याने दोन पिढ्यांची कल्पनाशक्ती घडविली. नाटक कंपन्यांना दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत चमकणारे कापड हवे होते. मूकपटाच्या काळी, १९२३ साली, बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला. १९५२ साली भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ काढला. दोन्ही कृष्णधवल, तेथे रंगाची उणीव कापडाच्या चमकेने भरून काढावी लागे. या मंडळींना मी नावे ठेवणार नाही. रंगभूमी हे दूरवरून पाहण्याचे चित्र आहे, आणि दूरच्या चित्राची रेषा ठळकच काढावी लागते. तक्रार आहे ती पुढची. वीस रांगांपलीकडून पाहण्यासाठी केलेला पोशाख आपण रस्त्यावर आणला. तेथे बघणारा हातभर अंतरावर उभा असतो. रंगमंचाची सोय रस्त्यावर इतिहास होऊन बसली.

त्या काळची चित्रे काय सांगतात? मनूची या इटालियन प्रवाशाने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून एक चित्रसंग्रह करवून घेतला. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यात महाराज घोड्यावर बसून निघालेले दिसतात. ते आणि त्या शतकातील इतर दख्खनी व मोगल चित्रे शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे दरबारी पुरुषाच्या पोशाखाची घडण ध्यानात येते. छातीशी बेताचा, एकावर एक पदर घेऊन बगलेखाली बंदांनी बांधलेला, कमरेखाली भरपूर घेराचा जामा. मनगटाशी चुण्या पडाव्यात म्हणून हातापेक्षा लांब ठेवलेल्या बाह्या. घोट्याशी तंग विजार. कमरेला फुलांच्या काठाचा पटका. आणि कापड? कित्येक चित्रांत ते इतके तलम आहे की चित्रकाराने आतल्या विजारीचा रंग जाम्यातून दाखविला आहे. मखमल त्या काळी नव्हती असे नव्हे. तंबूंना होती, गाद्यांना होती, तलवारींच्या म्यानांना होती. उन्हाळ्यात ती अंगावर वागविण्याची हौस मात्र आपली, अलीकडची.

खानदेशच्या माणसाला तर हे परक्याकडून ऐकण्याची गरजच पडू नये. भुसावळहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर बऱ्हाणपूर. मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ते ठाणे. तेथे आणि आसपासच्या मुलखात होणारी पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पोलंडपर्यंत जाते, असे ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेविले आहे. धरणगावात इंग्रजांनी वखार घातली ती कापडासाठी, आणि १६७९ साली महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटले तेही पेठ श्रीमंत होती म्हणूनच. ज्या मुलखाची मलमल पोलंडात जात होती, त्या मुलखात आपण शिवाजी महाराजांना पॉलिएस्टरच्या मखमलीत बसवितो, यातला विनोद कोणाच्या ध्यानात कसा येत नाही?

आता शिवणीकडे वळते. माझे खरे प्रेम तेथे आहे. मलमल मी खादी भांडारातून आणली (१९३६ च्या फैजपूर काँग्रेसपासून खादी आमच्या बाजूला नवी नाही) आणि भुसावळच्या एका जुन्या शिंप्याकडे बेत दाखवायला गेले. वयाने सत्तरीच्या पुढचे. सारा बाजार त्यांना आप्पा म्हणतो. कागद पाहून ते म्हणाले, “ताई, ही तर घागऱ्याची कळी. पुरुषाच्या अंगात कशाला?”

प्रश्न मार्मिक होता, कारण सारे मर्म त्या कळीतच आहे. भाड्याच्या अंगरख्याचा घेर म्हणजे सरळ कापडाला कमरेशी चुण्या घालून केलेला फुगा असतो. त्याने पोट सुटल्यासारखे दिसते आणि पाय उचलला की कापड पायांत येते. कळ्यांच्या घेराचा हिशेब निराळा. चाळीस सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा घ्यावा आणि तो तिरका कापावा, असा की एका टोकाला आठ आणि दुसऱ्या टोकाला बत्तीस सेंटिमीटर उरावेत. दुसरा तुकडा उलटा फिरवला की तोही तसाच. एका पट्ट्यात दोन कळ्या, आणि चिंधी म्हणून काही वाया जात नाही. अशा सोळा कळ्या जोडल्या, शिवणीत दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर गेला, की वर शहाण्णव सेंटिमीटर आणि खाली जवळजवळ पाच मीटर घेर मिळतो. कमरेशी एक चुणी नाही आणि पावलापाशी रिकीब ओलांडायला ऐसपैस जागा! त्या शहाण्णवांतून मुलाच्या कमरेचे चौसष्ट वजा केले, तर बत्तीस उरतात. ते एकावर एक येणाऱ्या पदरांचे. १२० सेंटिमीटर पन्ह्याचे साडेचार मीटर कापड सबंध जाम्याला पुरले, आणि शिवून झाल्यावर त्याचे वजन अर्ध्या किलोच्याही आतच भरले.

बगलेखालच्या तुकड्याला आप्पांनी आपण होऊन ‘चौबगला’ म्हटले. हा शब्द त्यांच्या वडिलांचा. तो तुकडा नसेल तर हात वर करताच सारा अंगरखा वर ओढला जातो. तलवार उगारलेली पात्रे आपल्या रंगभूमीवर कोपर कमरेशी चिकटवून का लढतात, याचे उत्तर पुष्कळदा तालमीत नसून बगलेत सापडेल. विजार उरेब, म्हणजे तिरक्या सुतावर कापावी लागते. तसे केले तर ती पोटरीला धरूनही बसते आणि गुडघाही वाकतो. बंद कोणत्या बाजूला, हाही प्रश्न आहे. चित्रांत हिंदू पुरुषाचा जामा बहुधा डाव्या बगलेखाली आणि मुसलमानाचा उजव्या बगलेखाली बांधलेला दिसतो. हा भेद अकबराने घालून दिला असे सांगतात.

गंमत अशी, की कळीची ही युक्ती आपल्याच मुलखाची नव्हे. १९२१ साली ग्रीनलंडात हेरयोल्फस्नेस येथील गोठलेल्या दफनभूमीतून मध्ययुगीन झगे निघाले. स्वीडनमध्ये बोकस्टेनच्या दलदलीत १९३६ साली चौदाव्या शतकातला एक माणूस संपूर्ण पोशाखासह सापडला. त्या ग्रीनलंडच्या झग्यांतही घेर साधला आहे तो अशाच त्रिकोणी तुकड्यांनी. कापड हातमागाचे आणि महाग, तेव्हा शिंपी कात्रीपेक्षा डोके अधिक चालवीत. मग तो ग्रीनलंडचा असो की बऱ्हाणपूरचा. तिकडे हौशी माणसे त्या झग्यांच्या शिवणी मोजून तसेच कपडे हाताने शिवतात आणि ते घालून जत्रा भरवितात. आपल्या हवेत कापड इतकी शतके टिकत नाही हे खरे. तरी १९४९ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात जुने जामे आहेत, आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात पुढच्या काळातले कपडे पाहावयास मिळतात.

बेत चुकला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर प्रतापगडाचे देते. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट घ्या. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, आणि म्हणूनच खानाचा वार निभावला, ही कथा शाळकरी पोरालाही पाठ असते. आता आपल्या रंगभूमीवरचा अंगाबरोबर शिवलेला मखमली अंगरखा आठवा. त्याच्या आत चिलखत सोडाच, गंजीफ्रॉकही धड मावत नाही! साऱ्या प्रसंगाचा प्राण ज्या सैलपणात दडलेला, तोच शिंप्याने कापून टाकला. मग नटाने कितीही डोळे वटारले तरी तो वार खोटाच वाटणार.

गेल्या काही वर्षांतल्या चित्रपटांनी मखमल टाकली, याचा आनंद मानावा तर त्यांनी तिच्या जागी चामडे आणले. काळपट तपकिरी पट्टे, मातकट कापड, खांद्यावर कातडी तुकडे; सह्याद्रीचा शिलेदार युरोपातल्या एखाद्या थंड किल्ल्यावरून उतरल्यासारखा दिसतो. दारिद्र्य दाखविले म्हणजे सत्य दाखविले, अशी ही नवी समजूत. जुन्या मखमलीत निदान भक्ती तरी होती. या चामड्यात परदेशी पडद्याची उसनवारी आहे, आणि रंगांचे भय आहे. ज्या चित्रांचा मी उल्लेख केला त्यांत केशरी, हिरवा, गुलाबी, सोनेरी रंग कसे मोकळेपणाने नांदतात ते या मंडळींनी एकदा पाहावे.

आमचा जामा २०२४ च्या जूनमध्ये, राज्याभिषेकास साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा, मिरवणुकीत निघाला. त्याआधी समितीत वाद झालाच. “महाराज आणि पांढऱ्या साध्या कापडात? लोक काय म्हणतील?” या आक्षेपाला मी हलके लेखत नाही. लोकांना राजाच्या अंगावर वैभव हवे असते, कारण ते वैभव ते आपलेच समजतात. मी पटका जरीच्या काठाचा घेतला, गळ्यात मोत्यांच्या माळा दिल्या, मंदिलावर तुरा खोवला. वैभव तेथे होते, कापडाच्या जाडीत नव्हते. तरीही लांबून पाहणाऱ्या काहींनी विचारले, की महाराज मागच्या गाडीत आहेत का? ही किंमत या पद्धतीला द्यावी लागते, आणि ती लहान नाही. कॅलेंडरची ओळख मोडायला एक मिरवणूक पुरत नाही. परंतु मुलगा दोन तास घोड्यावर ताठ बसला, घोषणा स्वतःच्या आवाजात दिल्या आणि शेवटी आपल्या पायांनी घरी गेला.

आमच्या वसाहतीत राज्याच्या सर्व कोपऱ्यांतली माणसे नोकरीनिमित्त आलेली. सोलापूरकडचे एक निवृत्त गृहस्थ गर्दीतून पुढे झाले, बगलेखालचे बंद त्यांनी बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाले, “अहो, ही तर आमच्या बाराबंदीची थोरली बहीण!” सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला नंदीध्वज उचलणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात; ती त्यांनी तरुणपणी अंगात घातलेली. इतिहासाचा पोशाख संग्रहालयात शोधत होतो, आणि त्याची धाकटी बहीण दर जानेवारीला सोलापूरच्या रस्त्यांतून चालते आहे.

समितीने आता मावळ्यांचे वीस पोशाख शिवायला सांगितले आहेत, आणि नमुना म्हणून भगव्या सॅटिनचे एकसारखे अंगरखे दाखविले आहेत. मावळ्याला जामा कोठला! एक आखूड बंडी, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. “मग त्यात शिवण्यासारखे राहिले काय?” असे त्यांनी मला विचारले. बंडीला चौबगला आहे, म्हटले. चोळण्याच्या मधोमध चौकोनी तुकडा आहे, कारण त्यांना चढायचे असते. घोंगडी मात्र शिवायची नसते, विणून आणायची असते. धनगराच्या हातची काळी घोंगडी अजून आठवडी बाजारात मिळते. तिच्या भावाची चौकशी सध्या चालू आहे.