‘आकु-आकु’ पुन्हा वाचताना

थोर हेयरडालचे ‘आकु-आकु’ मी दरवर्षी वर्गात थोडे थोडे सांगतो. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरांवरचे रापा नुई बेट, लांबट चेहऱ्यांचे ते शेकडो पाषाणपुतळे, रात्रीच्या अंधारात गुप्त गुहांत उतरणारा लेखक! मुले मधली सुट्टी विसरतात. १९५५-५६च्या मोहिमेची ही हकिकत १९५७ साली प्रसिद्ध झाली. तिची गोडी अजून उतरलेली नाही. कादंबरीकार म्हणून मला तर तिचा हेवा वाटतो.

पण यंदा वाचताना दाताखाली खडा आला. हेयरडालच्या मते बेटावरचे पहिले कारागीर दक्षिण अमेरिकेतून आले. पॉलिनेशियन लोक मागाहून. २०२४ मध्ये बेटावरच्या पंधरा पूर्वजांच्या अस्थींतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते पॉलिनेशियनच निघाले. अमेरिकेचा अंश सुमारे एक दशांश. म्हणजे दोन्ही लोकांची गाठ पडली होती, एवढे त्याचे अनुमान खरे. आपल्या एकादशीचे रताळेही मूळचे अमेरिकेचेच, आणि युरोपीय जहाजांच्या आधीच ते पॉलिनेशियात रुजले होते. मात्र अथांग सागर ओलांडून हे बेट वसवणाऱ्यांचे श्रेय पुस्तक दुसऱ्याच्या पदरात घालते, हे कसे विसरावे?

आणि उत्तर पुस्तकातच आहे! गावचा मेयर पेद्रो आतान बारा माणसे, लाकडी दांडे आणि दगडधोंडे एवढ्यावर अठरा दिवसांत पडलेला पुतळा उभा करतो. आजवर सांगितले का नाही, असे विचारताच तो म्हणतो, कुणी विचारलेच नाही. हे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा हेयरडालकडे होता. त्यातला बोध मात्र त्याने पुरता घेतला नाही. १८६२ पासून पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेटकरी पळवून नेले, मागोमाग रोगराई आली. १८७७ मध्ये अवघी १११ माणसे उरली होती. त्या आकांतातून वाचून आजोबाकडून नातवाकडे आलेली ही विद्या!

मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “गुरुजी, मग पुस्तकावर मेयरचे नाव का नाही?”

मला उत्तर सुचले नाही. वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत हे पुस्तक घरातल्या मुलांना अवश्य वाचून दाखवावे. आतानचा प्रसंग आला की मात्र जरा थांबावे.